पियेदादच्या विहिरीवरचा सांजांव

सांजांवच्या सणाची दुपार, आणि पियेदादच्या जिवाला घटकाभर चैन नव्हती. फाटकापर्यंत जायचं, दूरवर बडवल्या जाणाऱ्या घुमटांच्या आवाजाला कान द्यायचा, परत यायचं, असं तिचं चाललं होतं. आत लेक लोर्ना पातोळ्या ताटात मांडत होती आणि सोप्यावर नवा जावई आग्नेल डोक्यावर फुलांचं कोपेल घालून ताटकळत बसला होता. लग्नानंतरचा त्याचा हा पहिला सांजांव. वाड्यावरच्या मंडळींनी जावयाला वाजतगाजत विहिरीपाशी न्यावं, त्याच्याबरोबर धडाधड उड्या घ्याव्यात, तेव्हा कुठे तो सांजांव. एकट्याने उडी मारली तर ती नुसती आंघोळ.

आणि मंडळी येणार नव्हती. चूक पियेदादचीच होती. गेल्या वर्षी त्यांनी तिच्या भेंडीचे वाफे तुडवले, तेव्हा ती खराटा घेऊन धावली होती. पुन्हा माझ्या विहिरीकडे फिरकलात तर याद राखा, असं तिने घुमट वाजवणाऱ्या कायतानला चारचौघांत सुनावलं होतं. सांजांवला विहिरीवरून माणसं हाकलणारी दुसरी बाई अख्ख्या बार्देसात सापडली नसती! कायतानही कमी नव्हता. तू स्वतः बोलावल्याशिवाय या फाटकात पाऊल टाकणार नाही, असं म्हणून तो गेला तो गेलाच. तेव्हापासून पियेदादच्या मनात शंभरदा आलं, पण बोलवायला जीभ काही रेटेना.

मीच जाऊन सांगू का त्यांना, असं आग्नेलने विचारलं, तर ती त्याच्यावरच उखडली. जावयाने आपलंच आमंत्रण करत फिरायचं म्हणजे सासूची अब्रू उरली कुठे? बोलता बोलता तिला रडूच यायला लागलं.

इतक्यात घुमटं फाटकाशी आली. मंडळी गात, नाचत, चिंब भिजलेली, फाटकावरून सरळ पुढे निघाली. कायतानने इकडे मानसुद्धा वळवली नाही.

मग मात्र पियेदादने काही विचार केला नाही. जावयाच्या डोक्यावरचं कोपेल उचलून तिने आपल्या डोक्यावर ठेवलं, झग्याला गाठ मारली आणि विहिरीकडे धूम ठोकली. लोर्ना "माय, माय" करत मागे धावली, तिच्यामागे आग्नेल, तोवर "व्हिव्हा सांजांव" आणि धप्प!

नदीकाठी वाढलेली बाई ती. पाण्यावर डोकं काढून तिने दुसरी आरोळी ठोकली, आणि तिला इतका आनंद झाला की तिसरी आपोआपच निघाली. विहिरीतून आलेल्या व्हिव्हाला उत्तर न देता पुढे जाणारा माणूस त्या वाड्यावर अजून जन्माला यायचा होता. घुमटं थांबली. रस्त्यावरून व्हिव्हा आला. मग धावती पावलं, आणि काठावर डोकीच डोकी.

कायतान वाकून बघत होता. "पियेदादमाय, पडलीस की उडी मारलीस?"

"उडी मारली."

"आणि आम्हाला बोलावलंस कधी?"

"आता बोलावते, कायतान. सगळे या. जावई वर एकटाच आहे माझा."

"मग जरा बाजूला सर," कायतान म्हणाला, आणि घुमट लोर्नाकडे देऊन त्याने आग्नेलचा हात धरला.