मम्मींचा फोन

“ही डिस्क आहे की पाल? नुसती चुकचुकतेय,” मम्मी माझ्या कानाशी कुरकुरल्या. आमच्या असाबात, नायजेरियातल्या या सिनेमाच्या गावात, निर्मात्या बाईंना सगळे मम्मीच म्हणतात.

सगळा सिनेमा त्या डिस्कमध्ये होता. संध्याकाळपर्यंत लागोसला पाठवला नाही, तर थिएटर दुसऱ्याला जाणार होतं. त्यात वीज गेलेली, जनरेटर बसलेला, लॅपटॉप बॅटरीवर.

मी डिस्कची वायर बदलली, लॅपटॉपला लावलेला माउस काढला, छोटा पंखाही काढला. डिस्क जराशी गरगरली आणि पुन्हा चुकचुकायला लागली.

“पॉवर पुरत नाहीये,” एडिटिंगमधला माझा जोडीदार ओबियोरा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

पॉवर कुठे जातेय ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. शेजारच्याच यूएसबीला मम्मींचा फोन लावलेला होता. वायर काढली की तो बंद पडायचा. मुलगा इटलीला गेल्यापासून मम्मी तो बंद पडू देत नसत, आणि आज तर त्यांचा वाढदिवस.

“वायर बदलून बघते,” मी म्हटलं.

“अगं, तीच वायर पुन्हा?” मम्मींनी माझ्याकडे पाहिलं, मग ओबियोराच्या पाठीकडे. फोन त्यांनीच उपटला. “लाव तुझी डिस्क. तो काही आता फोन करत नाही.”