मुळापाशी मीठ

एनार स्कोग्लीच्या ट्रकचा तळ मिठाने खाल्ला होता. एकोणीस उन्हाळे तो मिनेसोटाच्या कच्च्या रस्त्यांवरून खडेमिठाची पोती वाहत होता. हा तिसरा सरकारी ट्रक, आणि याच्याही पत्र्याच्या भोकांतून आता रस्ता दिसायचा. काम एकच. दारुहळदीच्या जातीचं एक काटेरी झुडूप हुडकायचं, मुळापाशी मीठ ओतायचं आणि मेल्याची नोंद करायची. गव्हावरचा तांबेरा त्या झुडपावर वाढतो आणि वाऱ्याबरोबर शेतात उतरतो. लोखंडावरचा गंज काय आणि गव्हावरचा तांबेरा काय, त्या मुलखात दोन्हींना नाव एकच. एनारला दोन्हींचा सारखाच वीट आला होता.

१९३७ साली जून संपता संपता योसेफ क्राल नावाच्या शेतकऱ्याने त्याला बोलावून घेतलं. एनार क्रालच्या गव्हातून बांधापर्यंत चालत गेला, तर पँट गुडघ्यापर्यंत विटकरी झाली.

"त्या म्हातारीच्या बाजूने सुरुवात झालीय," क्राल म्हणाला. "थोरा ब्रेके. घरामागे झुडूप आहे तिच्या, पुरुषभर उंच. मी बोलायला गेलो तर तोंडावर दार लावलं. इंग्लिश येत नाही म्हणे."

"खरंच येत नाही?"

"देव जाणे. तुम्ही आडनावावरून नॉर्वेचे दिसता. बघा बोलून."

नॉर्वेची भाषा एनार बोलला होता ती आईशी. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मग एका आयरिश घरात वाढला, आणि त्या भाषेला जो गंज चढला तो चढलाच. चव्वेचाळीस वर्षांत 'देवा, जेवण गोड लागू दे' यापलीकडे त्या भाषेतला शब्द त्याच्या तोंडी आला नव्हता.

थोरा ब्रेके अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या घरातली, हाडाने मजबूत. एनारने टोपी काढली आणि सापडतील ते शब्द जुळवले.

"आजी, झाड वाईट. झाड आजारी. गव्हाला बाऊ होतो."

म्हातारीचा हात थांबला. "काय होतो?"

"बाऊ."

"वय काय रे तुझं?"

"बावन्न."

"बावन्न!" ती इतकी हसली की शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. "बावन्न वर्षांचा घोडा, आणि म्हणे गव्हाला बाऊ! तुला बोलायला शिकवलं कोणी?"

"आईने. मग आई मेली."

हसू ओसरलं. ती उठली आणि त्याला घरामागे घेऊन गेली.

झुडूप खरंच पुरुषभर होतं. एनारने पान उलटून पाहिलं. मागे नारिंगी ठिपके, दाट. संशयाला जागाच नव्हती. मग त्याला बुंध्याशी गवतात दोन दगड दिसले, पावाएवढे.

"माझे दोघे," थोरा म्हणाली. "एका हिवाळ्यात, घटसर्पाने. तेव्हा इथे चर्च नव्हतं, कबरस्तान नव्हतं. गाई तुडवतील म्हणून काट्याचं लावलं." तिने ट्रककडे मान वळवली. "पोत्यात काय आहे ते ठाऊक आहे मला. मीठ ओतलंस तर इथे गवताची काडी उगवायची नाही. माझ्या पोरांच्या अंगावर मीठ टाकणार तू?"

नियम साधा होता. मीठ. खणून काढलं तर बोटभर मूळ राहिलं तरी ते पुन्हा फुटतं. हे समजावून सांगायला एनारकडे शब्द नव्हते. असते तरी सांगण्याची ताकद नव्हती. तो ट्रककडे गेला आणि फावडं घेऊन आला.

तीन दिवस लागले. दगडांच्या बाजूला तो गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरायचा. मुळं आतून हळदीसारखी पिवळीधमक, त्यामुळे मातीत ओळखू यायची. थोरा खुर्ची टाकून शेजारी बसायची आणि त्याच्या चुका काढायची. "'मूळ ओढतो' म्हण. 'मूळ ओढ-ओढ' काय? तू तान्हा आहेस?" दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा एक शब्द, उकडलेल्या बटाट्यांच्या पोळीचा, त्याच्या तोंडून आपसूक निघाला आणि तो खणता खणता थांबला. संध्याकाळी थोराने तीच पोळी लोणी लावून पुढे केली.

क्राल बांधावर आला आणि भडकला. "दहा मिनिटांचं काम! माझा गहू चाललाय, आणि तुम्ही इथे बागकाम करताय?"

"तुमचा यंदाचा गहू गेलाय, क्राल," एनार पाठ न वळवता म्हणाला. "मीठ टाकलं तरी गेलाय. मी पुढच्या वर्षासाठी खणतोय."

क्राल शिव्या देत निघून गेला. त्या साली त्याला निम्मंच पीक मिळालं, तेही सुरकुतलेलं.

एनारने नोंदीत 'खणून काढले' असं लिहिलं. वरिष्ठांनी बोलावून झापलं. त्याने ऐकून घेतलं.

पुढच्या जूनमध्ये तो पाहणीला आला. थोरा काठी टेकत त्याला मागे घेऊन गेली. दगडांपासून हातभर अंतरावर तीन कोंब उभे होते, कोवळे, काट्यांसकट.

"मी सगळं काढलं होतं," एनार म्हणाला. आता वाक्य बरोबर आलं, पण त्याचा आनंद झाला नाही.

"ठाऊक आहे. बघत होते मी." तिने काठीने एक कोंब हलवला. "महिनाभर रोज उपटते. रोज येतं. थकले रे मी. आण ते मीठ."

"आजी, नको म्हणाली होतीस."

"तेव्हा कोणी खणलं नव्हतं. आता खणून झालंय. आण."

त्याने पोतं आणलं. ओंजळीने, दगडांपासून जमेल तितकं लांब, मीठ टाकलं. थोरा टक लावून बघत होती. शेवटची ओंजळ तिने स्वतः मागून घेतली आणि वाकून टाकली. मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन ती सरळ झाली, आणि दोघे कॉफी प्यायला आत गेले. एनारला त्या दिवशी अजून चार शेतं बघायची होती.