आत्यांचं विरजण

"ह्ये दही हाय का डिंक, सखुबाई?" वारंगा फाट्यावरच्या हॉटेलवाल्या माणिकरावनं चमचा वर उचलला. दह्याची तार थेट खालच्या गंजातल्या दह्यापर्यंत लोंबत राहिली. "उद्या बी असंच आलं तर दुसरीकडून घेतो बघा."

मी मागेच उभी होते. सखुबाई म्हणजे माझी सासू, मी तिला आत्या म्हणते; ती गंज उचलून घरी आली आणि उंबऱ्यातच तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"ह्या वैष्णवीच्याच विटाळानं झालं! त्या चार दिसांत शिवली असंल सटवी."

मी नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, ते काय हे ऐकून घ्यायला? म्हणाले, "आत्या, विटाळाचा काय संबंध? दह्यातले जिवाणू अंगाभोवती साखरेचे धागे विणतेत. काहींच्या जनुकांतच तशी सोय असती. थंडीत तर लईच विणतेत. तुमच्या विरजणात तसलेच माजलेत. फेकून द्या ते."

"माह्या मायचं विरजण फेकू? लग्नात वाटीत घालून दिलं तिनं! माय मेली, तिचं ह्येवढंच जित्तं हाय. तुहं शिकणं घाल चुलीत!"

माझा नवरा बालाजी मध्ये पडायचं सोडून म्हशीला पाणी पाजायला गेला. मोठा शहाणा.

माझं डोकंच फिरलं. नेमकी त्याच दिवशी मला पाळी आली होती. ते मी भांडण ऐकून जमलेल्या चारचौघींदेखत सांगितलं. समोरच्या रुख्मिणीबाईंकडून विरजण मागून आणलं आणि म्हणाले, "आज तुमचं दही तुमी लावा, माझं मी लावते. सकाळी बघू कोणाच्या हातानं नासतंय."

"बाटवलंस घर, भवाने!" ती ओरडली. पण मागे हटली नाही. तिनं स्वतः गंज घासला, कढत पाण्यानं धुतला, दुधाला मायचंच विरजण लावलं आणि मला जवळसुद्धा फिरकू दिलं नाही.

सकाळी माझं दही सुरीनं कापावं असं लागलं होतं. तिनं आपल्या गंजात पळी घातली. तार आली. पुन्हा घातली. पुन्हा तार.

"बघा!" असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. तिला लाजवायचंच होतं मला.

तेवढ्यात तिनं माझा गंज उचलला. विटाळशीच्या हातचा गंज, आपल्या हातानं. बालाजीच्या फटफटीला बांधून दिला. "माणिकरावला दे. नीट ने, सांडू नको." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग भाकरी घेऊन चुलीपुढं बसली. मी तिचा गंज उचलायला गेले, तर हात झटकला.

"काहून फेकती? खायाला काय धाड भरली त्याला?"

ती सगळं दही खाऊन उठली. पोट भरल्यावरही खात होती. शेवटी बोटानं गंज पुसून घेतला. उद्याच्या दुधाला लावायला चमचाभरही मागं ठेवलं नाही.