जोडीतला डावा

दोन्ही

मेहुणा चार दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला दोन वर्षं होऊन गेली. दुरुस्तीचं दुकान बुडालं तेव्हा बहिणीने दार उघडलं, आणि ते उघडं दार बघून भावोजींनी जे दात आवळले ते अजून तसेच होते. मागची खोली मेहुण्याने अशी व्यापली होती की पाय ठेवायला जागा नाही. ठेवलाच तर खाली स्क्रू.

मग भावोजींचे जुने स्पीकर फाटले. मेहुणा जेवता जेवता बोलून गेला, "बाजारातलं कचकडं कशाला आणता? कीट मागवा. असे बनवून देतो की शेजारी भांडायला येतील."

"शेजारी कशाला? घरातच सोय आहे," भावोजी म्हणाले.

कीट आलं. कापलेल्या फळ्या, जाड आवाजाचे दोन वूफर, बारीक आवाजाचे दोन ट्विटर, आवाज त्यांच्यात वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरच्या दोन पाट्या, कापसाची पिशवी, एक माहितीपत्रक. आणि त्यावर भावोजींची अट.

"एक तू बनव, एक मी. तुझी ताई ऐकेल. जोडी चांगली वाजते म्हणाली तर खोली तुझी, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणाली तर बोचकं उचलायचं."

"तुम्ही कशाला? तुम्हाला बल्ब बदलता येत नाही."

"दोन्ही तुलाच दिले तर चूक कुणाची ते कळायचं नाही. तुझी तर कधीच नसते."

उजवा

भावोजी जेवणाच्या टेबलावर बसले. माहितीपत्रकातल्या प्रत्येक शब्दाखाली बोट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज पोथी वाचल्यासारखा.

"भावोजी, कळतंय का, की नुसतंच पाठांतर?" मेहुण्याने खोलीतून विचारलं.

"शास्त्रज्ञ, तुझं दुकान काही पाठांतराने बुडालं नाही."

थोड्या वेळाने तारा झाळताना भावोजींचं बोट भाजलं. ओरडणं ऐकून मेहुण्याला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. मधे पाणी प्यायला म्हणून तो मुद्दाम टेबलाशी डोकावून आला. झाळलेले सांधे चण्याएवढे होते, आणि गोंद फळीपेक्षा शर्टाला जास्त.

"क्रॉसओव्हरपासून निघालेल्या दोन तारांपैकी," भावोजींनी पुन्हा सूर लावला, "काळ्या पट्ट्याची तार–"

मेहुण्याने पॉलिशचं मशीन चालू केलं. घर्रर्र.

डावा

मेहुण्याने माहितीपत्रकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला कोण शिकवतं? त्याच्या पेटीचे कोपरे असे जुळले की नख शिरेना. सांधे चकचकीत, बारीक, एका आकाराचे. कापूस त्याने हलक्या हाताने पसरला. शेवटी उरली ती पेटीच्या मागची जोडणी: आतून आलेल्या दोन तारा, एकीवर काळा पट्टा, आणि बाहेरची वायर लावायच्या दोन खुंट्या. पट्ट्याची म्हणजे उणे. पंधरा वर्षं तो तशीच लावत आला होता. साधी तार लाल खुंटीला, पट्ट्याची काळ्या खुंटीला. पेटी बंद.

पेटीला टिचकी मारून बघितली. टणक. हिच्यावर भावोजींचा बाप आला तरी बोट ठेवू शकणार नाही, असं तो मोठ्याने म्हणाला, आणि टेबलावरून उत्तर आलं, "माझ्या बापाला मधे आणू नकोस. त्यांचंही तुझ्याविषयीचं मत मला माहीत आहे."

दोन्ही

ताई खुर्चीत बसली. मांडीवर निवडायची पालेभाजी, कारण या दोघांपायी तिला स्वयंपाक चुकणार नव्हता. तिचं आवडतं गाणं लावलं: एक बाई गाते, मागे भारी ड्रम.

आधी फक्त डावा. ताईचा हात थांबला. "छान रे. उत्तम वाजतो."

मग फक्त उजवा. "हाही छान."

"हाही कसा?" मेहुणा म्हणाला. चण्याएवढे सांधे होते!

"कानांनी ऐकतात ते, शास्त्रज्ञ," भावोजी म्हणाले. "लाव दोन्ही."

दोन्ही लावले, आणि ड्रम गेला. म्हणजे टकटक उरली, धप्प गेला. गाणारी बाई मधे उभी राहायची ती कुठे उभी आहे ते कळेना; भिंतीतून गाते की कपाटातून.

"हे काय?" ताई म्हणाली. "घसा बसल्यासारखं का वाजतंय?"

मेहुणा हसला. हे त्याला झोपेतही कळलं असतं. "एकाची जोडणी उलटी आहे. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं मिळून धप्प खातात. भावोजी, तुमचा उलटा आहे."

"माझा? मी पत्रकाबरहुकूम लावलाय."

"उलटं धरून वाचलं असेल."

त्याने घड्याळातला सेल काढला, दोन्ही पेट्यांच्या बाहेरच्या तारा सोडवल्या. सेल खुंट्यांना टेकवला की वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर उलटा. लहान मुलालाही कळेल अशी परीक्षा. भावोजींच्या पेटीला टेकवला. टप्. पडदा बाहेर.

आपल्या पेटीला टेकवला. टप्.

आत.

पुन्हा टेकवला. आत. सेल उलटा धरला असेल म्हणून बघितला. नव्हता.

भावोजी टेबलाकडे गेले. माहितीपत्रक आणलं, घसा साफ केला, आणि मशीन बंद असल्यामुळे या वेळी वाक्य पूर्ण ऐकू आलं. "काळ्या पट्ट्याची तार लाल खुंटीला जोडावी."

"असं कुणी बनवतं का?" मेहुणा ओरडला. "सगळ्या जगात–"

"चूक जगाची. बरं."

मेहुण्याचे कान तापले. तो सरळ भावोजींच्या पेटीमागे गेला, तिथल्या तारा उलट्या केल्या, आपल्या होत्या तशा जोडल्या आणि गाणं लावलं. धप्प आला. बाई मधोमध उभी राहिली.

"आता छान आहे," ताई म्हणाली. "जोडी छान आहे. झालं? मिटलं?"

"छान? माझा बरोबर होता, तो उलटा केला त्याने!" भावोजींनी गाणं थांबवलं, आपल्या तारा पूर्ववत केल्या. पुन्हा घसा बसला. मेहुण्याने गाणं थांबवलं, त्या पुन्हा उलट्या केल्या. धप्प. भावोजींनी थांबवलं. घसा. मेहुण्याने थांबवलं. धप्प. भावोजींनी–

"बास!" ताईने भाजीची परात खाली आपटली. "आता दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा नाही. अहो, तुमचा होता तसा करा. आणि तू तुझा बदल. दोन तारा तर आहेत."

भावोजींनी आपला केला. हाताची घडी घालून उभे राहिले. "बदल, शास्त्रज्ञ. खोली तुझी. मी शब्द पाळतो. फक्त बदल, मी बघतो."

ते 'मी बघतो' नसतं, तर त्याने बदलल्या असत्या. निदान त्याला तसं वाटलं.

"माझी पेटी बरोबर आहे," तो म्हणाला.

"अरे सेलने तूच दाखवलंस ना!" ताई म्हणाली. "खोली जाईल, कळतंय का? जाणार कुठे?"

डावा

मेहुणा पेटीमागे वाकला. ताईने सुस्कारा सोडला. त्याने लाल खुंटी सैल केली, तार काढली. काळी सैल केली, तार काढली. बदलायला एवढंच तर करायचं होतं. पण तारा त्याने परत लावल्या नाहीत. पेटी काखेत मारली, खोलीतून झाळायची पिशवी आणली.

"कपडे मागाहून नेतो."

"वायर ठेवून जा," भावोजी म्हणाले. "ती माझी आहे."

"जमिनीवरच आहे. उचला."

ताई दारात आडवी आली. "एकच घेऊन काय करणार आहेस?"

"एकटा उत्तम वाजतो," तो म्हणाला. "तूच म्हणालीस."