लिफ्टमधला देवदूत

चावीवाल्यानं जन्मभर लोकांची अडकलेली दारं उघडली, पण स्वतः बंद जागेत सापडायच्या नुसत्या कल्पनेनं त्याला घाम फुटायचा. न्हाणीघराची कडीसुद्धा तो लावत नसे. आत असला की मोठ्यानं गात राही, म्हणजे घरच्यांनी काय ते समजावं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चची मंडळी हॉस्पिटलमध्ये येशूजन्माचं छोटंसं नाटक करणार होती. आवाज खणखणीत म्हणून चावीवाला देवदूत झाला. बायकोनं त्याचे पुठ्ठ्याचे पंख इतके ऐसपैस केले, की ते जिन्याच्या वळणावरच अडले. बाकीचे वर निघून गेले. गुडघे धरलेल्या सासूबाई कापसाची दाढी लावून मेंढपाळ झाल्या होत्या. त्यांनी जावयाला दंडाला धरून लिफ्टमध्ये ओढलं.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली.

चावीवाल्यानं सगळी बटणं दाबून पाहिली, दाराच्या फटीत पिन घालून पाहिली, आणि मग तो पंखांसकट मटकन खाली बसला.

"आई, मला श्वास घेता येत नाहीये."

सासूबाईंनी धोक्याची घंटा दाबली. "जावईबापू, तुमचं वाक्य म्हणा बघू."

"भिऊ नका," देवदूत किनऱ्या आवाजात म्हणाला.

"मेंढरं पळतील अशानं. ज्यांची गाळण उडाली होती, त्यांनाच सांगितलंय ना हे? पुढे काय?"

"तारणारा जन्मलाय. गोठ्यात." त्यानं लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. "पण आई, गोठ्याचं दार उघडं असतं."

"येशूला तर अख्खं आकाश मोकळं होतं. तरी आलाच ना तो आपल्या अडचणीत? इथेही आहे. सरका, जागा करा त्याला."

चावीवाला खरोखर सरकला. कडकन पंख मोडला. त्याला हसू फुटलं आणि हसता हसता श्वासही मोकळा झाला. मग त्यानं ते वाक्य असं ठणकावलं, की वरच्या मजल्यावरून एका म्हातारबाबांनी घाबरून विचारलं, "कोण आहे?"

"देवदूत," सासूबाई म्हणाल्या.

"मला न्यायला आलाय?"

"नाही हो. आम्हीच अडकलोय."

लिफ्ट सुरू होऊन वर पोचली, तेव्हा म्हातारबाबा चाकाच्या खुर्चीत दारापाशीच होते. उद्या त्यांचं ऑपरेशन होतं.

"तुला नाही का भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली की. हे बघा, पाय अजून लटपटतायत. पण आत एकटा नव्हतो."

म्हातारबाबांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. नाटकभर देवदूत त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून होता, आणि मेंढपाळांना त्याचा निरोप ऐकायला तिथे यावं लागलं.