पाठीवर गाव घेतलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. ब्रिटनचा. पुण्याच्या एका छापखान्यात मी छापला गेलो. मागून जाड पांढरं कापड चिकटवून घेतलं, वर-खाली लाकडी दांड्या बसवल्या नि बैलगाडीतून मुळशीतल्या एका शाळेत आलो. इंग्रज गेले, मी खुंटीवरच राहिलो. १९५४ उजाडलं तरी मला कुणी उलगडत नव्हतं.

मग भिवाजी गुरुजी बदलून आले. त्यांनी मला पुसलं आणि वरच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर छडी टेकवली.

"ही स्कॉटलंडजवळची बेटं. समुद्रापलीकडून नॉर्वेचे लोक लांबलचक होड्यांतून इथं आले. कित्येक पिढ्या त्यांचंच राज्य होतं. १२६६ साली त्यांच्या राजानं तह करून बेटं स्कॉटलंडला दिली. पण डोंगरांची, खाड्यांची नावं अजून त्यांच्याच भाषेतली आहेत."

दारात तुळजाबाई उभ्या होत्या. धाकट्या लेकीची, जयाची भाकरी घेऊन आलेल्या.

"गुर्जी, राज्य गेल्यावर नावं कशी ऱ्हायली वो?"

"लोक बोलत राहिले, म्हणून."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. धरण झालं तेव्हा त्यांचं सासर पाण्याखाली गेलं होतं. "गावाचं नाव कागदावर तरी आसंल. पर आमच्या भाताच्या खाचरांची नावं? मी मेले की ती बी बुडाली."

 गुरुजींनी मला उलटं केलं आणि दौत उघडली. "सांगा."

वाघजाईचं खाचर. चिंचेचा बांध. सासुरवाशिणीची पायरी. माझ्या पाठीवरच्या कोऱ्या कापडावर गुरुजी एकेक जागा आखून नाव लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी त्याच बुडालेल्या गावचे गेणबा आले, रहिमतबी आल्या. एका डोहाच्या जागेवरून तर गेणबा नि तुळजाबाई कडकडून भांडले! इतकी माणसं माझ्याभोवती पूर्वी कधी जमली नव्हती.

पण तपासनीस आले आणि संतापले. "सरकारी नकाशा खराब केलात?" गुरुजींची बदली झाली. मला बाद ठरवलं.

"बाद झालाय न्हवं? मग मला द्या," तुळजाबाई म्हणाल्या आणि मला काखेत मारून घरी घेऊन गेल्या.

पुढं एका कडक उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. तुळजाबाई मला नि जयाला घेऊन उतरल्या. भेगाळलेल्या चिखलात जया एकेक नाव वाचायची, त्या चालत जायच्या. जयानं ‘सासुरवाशिणीची पायरी’ वाचलं, तशा एका दगडापाशी त्या थबकल्या. हातानं गाळ काढला, पदरानं दगड पुसला आणि त्यावर बसल्या.

"हितं बसून मी म्हायेरी न्यायला येणाऱ्या मुराळ्याची वाट बघायची," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "थांबू नगंस जया, म्होरलं वाच."

आता तुळजाबाई नाहीत. जया स्वतः शाळेत शिकवते. माझ्या कडा विरल्या आहेत, एक दांडी मोडली आहे. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, वाळवीपासून जपा. आणि घरातल्या थोरांना त्यांच्या ओढ्या-बांधांची नावं विचारा, ती सांगायला माणूस आहे तोवर. माझ्या पाठीवर अजून हातभर कापड कोरं आहे.