चाकाची एक पूर्ण फेरी

घड्याळबाई आमच्या जीपच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि आत्याने हातातली चष्म्याची फ्रेम खाली ठेवली.

पार्किंग तपासणाऱ्या या निरीक्षक बाईला हे नाव गल्लीनेच दिलं होतं. रस्त्यावर कुठलंही वाहन एका जागी बहात्तर तासांहून जास्त उभं राहता कामा नये, असा शहराचा नियम. तो पाळला जातो का हे बघायला बाकीचे निरीक्षक टायरवर खडूची रेघ मारत, आणि ती पुसायला ओलं फडकं पुरत असे. ही बाई मात्र चाकावरचा हवा भरायचा वॉल्व्ह घड्याळाच्या काट्यासारखा वाचून वहीत लिहायची. हे चाक चार वाजता, ते नऊ वाजता. तीन दिवसांनी काटे तिथेच दिसले, की गाडी हललेली नाही.

जीपची चार आणि तिला जोडलेल्या ट्रेलरची दोन, अशा सहाही चाकांचे काटे तिथेच होते. बाईंनी क्रेनला फोन लावला.

ट्रेलर म्हणजे आत्याचं चष्म्याचं दुकान. आत भिंगं घासायचं यंत्र होतं. मागच्या आठवड्यात तंत्रज्ञ त्याची जुळणी करून गेला होता, तो आता दोन महिन्यांनी यायचा. क्रेन ट्रेलर पुढून उचलते. यंत्र तेवढं कललं की जुळणी गेलीच. शनिवारी बस डेपोतल्या चाळीस ड्रायव्हरांना चष्मे द्यायचे होते, आणि चष्म्याशिवाय त्यांना गाडीवर बसू देणार नव्हते.

खरं तर गाडी आम्ही आदल्या संध्याकाळी हलवली होती. पुढे शेजाऱ्यांचं फाटक जेमतेम दोन मीटरवर. आमच्या टायरचा परीघ एक मीटर नव्वद. तेव्हा वॉल्व्ह फिरून पुन्हा पहिल्या जागी आला की थांबायचं, टेप लावायची गरजच नाही, असं मीच ठरवलं होतं. त्या हिशेबाचं मला कौतुकही वाटलं होतं.

मी बाईंना सांगितलं, की गाडी हलली आहे, बरोबर एक फेरी. त्या हसल्या नाहीत. सहाच्या सहा वॉल्व्ह योगायोगाने त्याच जागी यायचे, म्हणजे बाराचा सहावा घात, तीस लाखांत एक, असं म्हणाल्या. त्यांनी ते आधीच काढून ठेवलं होतं.

"सहा चाकं वेगवेगळी धरलीत तर," मी म्हणाले. "पण टायर सगळे एकाच मापाचे आहेत. गाडी सरळ गेली तर सगळी चाकं बरोबरच फिरतात. एक जागेवर आलं की सहाही येतात. म्हणजे बारात एक."

त्यांनी वहीतल्या सहा आकड्यांवरून बोट फिरवलं. चूक पटल्याचं चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "एवढीशीच का चालवलीत?"

"चालवली नाही, ढकलली. मी, आत्या आणि मेकॅनिक."

आत्याने डोळे मिटले. मला कळायला आणखी एक क्षण लागला.

"ढकलली," बाई म्हणाल्या आणि वाकून जीपखाली बघितलं. गिअरबॉक्स काढून मेकॅनिकने दुरुस्तीला नेला होता. स्वतःच्या इंजिनावर न चालणारं वाहन रस्त्यावर एक दिवसही ठेवता येत नाही, आणि ट्रेलर सुटा ठेवता येत नाही. आता क्रेन दोन्ही नेणार होती. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यायचा, ते मी 'बारात एक' सांगण्याच्या नादात करून दाखवलं होतं.

मी शक्यतांचं आणखी काही बोलणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "तुझं गणित पुरे. जीप जाऊ दे. मेकॅनिकच्या पिकअपला मागे हूक आहे. पळ."

मी पळाले. मेकॅनिक त्याच्या गॅरेजमध्ये एका गाडीखाली आडवा होऊन काम करत होता. त्याला बाहेर यायला, हात पुसायला आणि किल्ली शोधायला लागलेला वेळ मला अजून आठवतो. किल्ली त्याच्याच खिशात होती.

परत आलो तेव्हा क्रेन पोचली होती. आत्या ट्रेलरमध्ये यंत्राला दोन्ही हातांनी धरून बसली होती. आत माणूस असताना ट्रेलर उचलता येत नाही, म्हणून क्रेनवाला तिला उतरायला सांगत होता. तिने उतरायचं नाव काढलं नाही. शेवटी तो बाईंकडे वळला.

बाईंनी आमची पिकअप वळणावर पाहिली होती. त्यांना आता घाई नव्हती.

"पुढचं वाहन आधी," त्या म्हणाल्या. "जीप ट्रेलरपासून सोडवून न्या. ट्रेलर नंतर."

जीप साखळ्यांनी बांधून निघेपर्यंत आम्ही ट्रेलर पिकअपला जोडला. मेकॅनिकने माणसाच्या चालीने गाडी काढली. मी बाजूने चालत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला आतून आत्याचा आवाज येत होता, "हळू रे बाबा, हळू."

गॅरेजच्या आवारात पोचल्यावर तिने वायर जोडली, यंत्र सुरू केलं आणि एक भिंग लावलं. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. भिंग निघालं. तिने ते नंबर तपासायच्या मापकाखाली धरलं, काढलं, पुसलं, पुन्हा धरलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि दुसरं भिंग उचललं. "जीपचं उद्या बघू. तू डब्यातल्या फ्रेम लावायला घे."